आफ्रिकेत कामासाठी जाताना: पोलिओचा डोस, पिवळं कार्ड आणि बाकीची तयारी

शीतपेटी

लागोस, नैरोबी, अदिस अबाबा, किन्शासा अशा ठिकाणी कामासाठी जाणाऱ्यांकरता हा धागा आहे. व्हिसा आणि तिकिटाची धावपळ महिनाभर आधी सुरू होते, पण लसीची आठवण शेवटच्या आठवड्यात येते. पिवळ्या तापाची लस निदान एजंट तरी सांगतो. पोलिओचा डोस बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो, कारण लहानपणी डोस झालेले असतात आणि भारतातून पोलिओ गेलेला असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तरीही मोठ्या माणसाला डोस लागतो.

भारतातला रानटी, म्हणजे लशीतून न आलेल्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. त्यानंतर दीडच महिन्याने, ५ मे २०१४ ला, जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओच्या आंतरराष्ट्रीय प्रसाराबद्दल आणीबाणी जाहीर केली. ठरावीक काळाने आढावा घेऊन ती वाढवत आणली आहे. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, आणि ते धडधाकट माणूस म्हणून विमानात बसतात. विषाणू मात्र त्यांच्या शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मलावीत आणि मे २०२२ मध्ये मोझांबिकमध्ये जो रानटी विषाणू सापडला, त्याचं मूळ पाकिस्तानातल्या विषाणूत निघालं. तो तिथवर कुणाच्या तरी आतड्यातूनच गेला.

नियमाचा गाभा असा. पोलिओचा प्रसार चालू असलेल्या देशातला रहिवासी, किंवा तिथे चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेला कुणीही, तो देश सोडून बाहेर निघताना त्याने पोलिओचा एक डोस घेतलेला असावा, आणि तो निघण्याच्या तारखेआधी किमान ४ आठवडे व जास्तीत जास्त १२ महिने या मुदतीत असावा. वय कितीही असो आणि आधी कितीही डोस झालेले असोत. भारताने २०१४ पासून स्वतःचीही अट घातली. तेव्हाच्या यादीत पाकिस्तान, अफगाणिस्तान, नायजेरिया, केनिया, इथिओपिया, सोमालिया आणि सीरिया होते. तिथून येणाऱ्यांना आणि तिथे जाणाऱ्या भारतीयांना निघण्याआधी चार आठवडे तोंडावाटे डोस, प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष. पुढे यादी बदलत गेली आहे. म्हणून तिकीट काढायच्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची आणि त्या देशाच्या दूतावासाची ताजी सूचना वाचा, जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

तारखेचं गणित. १० जूनला निघायचं असेल तर पोलिओचा डोस उशिरात उशिरा १३ मेला. पिवळ्या तापाची लस उशिरात उशिरा ३१ मेला, कारण तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवशी लागू होतं. विषमज्वराची लस २७ मेच्या आत. हिशेब उलटा, निघण्याच्या तारखेपासून मागे मोजायचा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती परतीच्या प्रवासात. समजा १ मे २०२५ ला डोस घेतला, १ जूनला लागोसला पोचलात आणि पहिली रजा १५ मे २०२६ ला मिळाली. डोसला बारा महिने उलटून गेले. म्हणजे १७ एप्रिल २०२६ च्या आत तिथेच नवा डोस घेऊन कार्डावर नोंदवून घ्यायला हवा. जाताना कार्ड बरोबर असतं आणि येताना मुदत संपलेली असते. रजेचा अर्ज टाकाल त्याच दिवशी कार्ड उघडून बघा.

आता कार्ड. पिवळ्या तापासाठी आणि पोलिओसाठी कार्ड एकच, आंतरराष्ट्रीय लसीकरण प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका. पोलिओ त्यात वेगळ्या ओळीत लिहितात. ओळीत डावीकडून उजवीकडे रोगाचं नाव, तारीख, डॉक्टरांची सही व हुद्दा, लसीची कंपनी व बॅच नंबर, मुदत कधीपासून कधीपर्यंत आणि केंद्राचा शिक्का. केंद्रातून बाहेर पडण्याआधी ही ओळ बोट ठेवून वाचा. महिना अक्षरात हवा, कारण ०५/०६ हे कुणी ५ जून वाचतो तर कुणी ६ मे. सही पेनाने केलेली हवी, सहीचा रबरी शिक्का चालत नाही. मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हवा, मराठी जास्तीची म्हणून चालेल, एकटी नाही. पासपोर्टवरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षरशः एक हवं. खाडाखोड झाली किंवा एखादा रकाना रिकामा राहिला तर प्रमाणपत्र अमान्य ठरू शकतं, त्यामुळे चूक झाली तर गिरवू नका, नवी ओळ भरून घ्या. लहान मुलाचं कार्ड वेगळं असतं, त्यावर आई किंवा वडील सही करतात.

निशिगंध

खूप उपयोगी. मुलगी सहा वर्षांची, आम्ही दोन महिन्यांनी नैरोबीला जाणार. तिचे सरकारी कार्डावरचे सगळे डोस वेळेवर झालेत. तिलाही परत?

शीतपेटी

@निशिगंध, हो, तिलाही. प्रवासाचा डोस नेहमीच्या वेळापत्रकाहून वेगळा मोजतात. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. जन्मतः, ६, १०, १४ आठवडे आणि दीड वर्षाचा बुस्टर असे थेंब दिसतील. शिवाय ६ आणि १४ आठवड्यांना दंडावर, कातडीच्या आत दिलेलं ०.१ मिलीचं पोलिओ इंजेक्शन. नऊ महिन्यांचं तिसरं इंजेक्शन जानेवारी २०२३ पासून सुरू झालं, म्हणजे तुमच्या मुलीला ते मिळालेलं नसणार. तिला प्रवासाआधी इंजेक्शनचा पूर्ण ०.५ मिलीचा डोस द्यावा असं मी म्हणेन.

कडूनिंब

इथे एक मुद्दा ठासून सांगायला हवा. धाग्याचा भर कागदावर गेलाय, शरीराचं संरक्षण मागे पडलंय.

पोलिओचे प्रकार तीन. रानटी प्रकार २ चं उच्चाटन सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं, प्रकार ३ चं ऑक्टोबर २०१९ मध्ये. आता रानटी विषाणू उरलाय तो प्रकार १, आणि तोही मुख्यतः अफगाणिस्तान-पाकिस्तानात. पण नायजेरियात आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागात जो फिरतोय तो लशीपासून उत्क्रांत झालेला प्रकार २. लसीकरण कमी असलेल्या वस्तीत थेंबांतला दुबळा विषाणू महिनोन्‌महिने एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला की त्याचा दुबळेपणा निघून जातो आणि तो पुन्हा लुळेपणा आणू शकतो.

आपल्याकडचे थेंब २५ एप्रिल २०१६ पासून द्विगुणी आहेत, त्यांत फक्त प्रकार १ आणि ३. म्हणजे लागोसला जाणाऱ्याने थेंब घेतले तर कार्डावर ओळ भरेल, पण तिथे जो विषाणू फिरतोय त्यावर त्या थेंबांचा थेट उपयोग नाही. इंजेक्शनमध्ये तिन्ही प्रकार असतात. १९८० किंवा १९९० च्या दशकात जन्मलेल्यांना लहानपणी त्रिगुणी थेंब मिळालेत, त्यांच्या शरीरात प्रकार २ ची ओळख आहे. २०१६ नंतरच्या मुलांना ती ओळख फक्त इंजेक्शनमुळे. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत थेंबांवर भागवू नका.

शीतपेटी

@कडूनिंब, मुद्दा मान्य, पण एक धोकाही सांगतो. जागतिक संघटनेच्या शिफारशीत थेंब किंवा इंजेक्शन, दोन्ही चालतात. भारताच्या २०१४ च्या आदेशात तोंडावाटे डोस असा शब्द आहे. विमानतळावरचा माणूस समोरच्या सूचनेतला शब्द बघतो, विषाणूशास्त्र नाही. कुणी नुसतं इंजेक्शन घेऊन गेला आणि त्या वेळच्या सूचनेत तोंडावाटे असं असेल, तर त्याची अडवणूक होणार.

मुळाक्षर

इंजेक्शनने आतड्यात प्रतिकार तयार होत नाही ना? मग इंजेक्शन घेतलेला माणूस स्वतः वाचेल, पण विषाणू घेऊन घरी येईल. नियमाचा हेतू तर तोच रोखणं हा आहे.

कडूनिंब

@मुळाक्षर, हे अर्धं बरोबर आहे. ज्याने आयुष्यात कधीच थेंब घेतले नाहीत, त्याला इंजेक्शनने रक्तात प्रतिद्रव्यं मिळतात, लुळेपणा टळतो, पण आतडं जवळपास उघडंच राहतं. अमेरिका-युरोपात फक्त इंजेक्शनवर वाढलेली पिढी अशी आहे. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात विषाणू सापडत होता आणि न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या तरुणाला लुळेपणा आला, त्याची पार्श्वभूमी हीच.

आपलं तसं नाही. मुरादाबाद आणि वेल्लोरमध्ये ज्या मुलांना आधी भरपूर थेंब मिळाले होते त्यांना इंजेक्शनचा एक डोस देऊन पाहिलं. त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडण्याचं प्रमाण चांगलंच घटलं. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. थेंबांनी आतड्याची ओळख आधीच झालेली असेल तर इंजेक्शन ती ओळख पुन्हा जागी करतं. महाराष्ट्रात वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाने थेंब घेतलेत. त्यामुळे आपल्या माणसाला इंजेक्शनने दोन्ही फायदे मिळतात.

माझा सल्ला असा की सूचनेत तोंडावाटे असेल तर सरकारी केंद्रात थेंब घ्या, ओळ भरून घ्या, आणि त्याच दिवशी दंडावर ०.५ मिलीचं इंजेक्शनही घ्या. दोन्ही एकाच दिवशी चालतात. कार्डावर दोन ओळी होतील, त्याने काही बिघडत नाही.

शीतपेटी

हे मला पटलं. धाग्यात हेच धरून चालू.

इंजेक्शन कुठून घेता ते बघा. मोठ्या माणसाला सुटी पोलिओ लस लागते. बाळांची सहा रोगांची एकत्र लस मोठ्यांना देत नाहीत, तिच्यात घटसर्पाचा भाग मुलांच्या मात्रेचा असतो. पोलिओ इंजेक्शन गोठलं की निकामी होतं, आणि गोठून वितळलेली कुपी डोळ्यांना तशीच स्वच्छ दिसते. काही लशी गोठल्या होत्या का हे कुपी हलवून कळतं, ती चाचणी इथे लागू पडत नाही. दवाखान्यात घरगुती फ्रिज असेल आणि लस बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली असेल तर दुसरीकडे जा. २ ते ८ अंश दाखवणारा थर्मामीटर आत असायला हवा आणि दिवसातून दोनदा नोंद केलेला तक्ता दारावर.

थेंबांचं उलट. त्यांना गोठण्याचं भय नाही, उष्णतेचं आहे. कुपीवर एक गोल असतो आणि गोलात चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. दोघांचा रंग एक झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की कुपी टाकून द्यायची. आतलं औषध कधी गुलाबी, कधी पिवळसर दिसतं, त्याची काळजी नको, तो आम्लतेप्रमाणे बदलणारा रंग आहे. डोस दोन थेंबांचा, प्रौढालाही तेवढाच. लगेच उलटी झाली तर त्याच बैठकीत पुन्हा घ्या. जुलाब चालू असताना घेतलेला डोस हिशेबात धरू नका, बरं वाटल्यावर परत घ्या, नाहीतर ओळ भरूनही आतडं कोरंच राहील.

घरात कुणी केमोथेरपीवर, अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांवर किंवा जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल तर प्रवाशाने थेंब टाळावेत आणि इंजेक्शन घ्यावं. थेंबांतला विषाणू काही आठवडे शौचातून पडतो. गरोदर स्त्रीला गरज असेल तर पोलिओची लस देता येते, फक्त डॉक्टरांना महिना सांगा.

निशिगंध

थेंब नेमके घ्यायचे कुठे? पल्स पोलिओच्या बूथवर पाच वर्षांखालच्यांनाच देतात. आमच्या जवळच्या दवाखान्यात मोठ्यांना थेंब म्हटल्यावर नुसतं बघत राहिले.

शीतपेटी

बूथवर जाऊ नका, तिथे तुमचं कार्ड भरलं जाणार नाही. मुंबईत बंदर आरोग्य संस्था कुलाब्याला आणि विमानतळ आरोग्य संस्था सहारला. गोव्यात मुरगाव बंदराची आरोग्य संस्था. बाकी जिल्ह्यांत जिल्हा परिषदेतल्या जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, शहरात महापालिकेच्या लसीकरण अधिकाऱ्यांकडे विचारा. प्रवाशांसाठी कोणतं सरकारी रुग्णालय नेमलंय हे त्यांना माहीत असतं. पासपोर्टची मूळ प्रत, तिची झेरॉक्स आणि तिकीट किंवा व्हिसा बरोबर ठेवा. केसपेपरवर 'पोलिओ दिला' असं लिहून देत असतील तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की पिवळ्या पुस्तिकेत ओळ हवी. केसपेपर परदेशात कुणी धरत नाही.

दर्यासारंग

बोटीवर जाणाऱ्यांसाठी थोडी भर. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली पुष्कळ मुलं पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत लागणाऱ्या जहाजांवर असतात. जॉइनिंगचं बंदर आयत्या वेळी बदलतं, म्हणून 'माझं जहाज सिंगापूरला आहे, मला कशाला' असं म्हणू नये. सीडीसी (खलाशाची नोंदणी पुस्तिका) काढली की पिवळ्या तापाची लस टोचूनच घ्यावी. ती एकदाच घ्यायची. ११ जुलै २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी धरतात. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ती आपोआप आजीवन होते. ती तारीख खोडून स्वतःच्या हाताने 'लाइफ' लिहू नका, त्या खाडाखोडीने चांगलं कार्ड बाद व्हायचं.

ही लस नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, आणि तीही ठरावीक वारी. कारण एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि पावडरीत पाणी घातलं की ती कुपी सहा तासांत संपवावी लागते. केंद्र माणसं जमवून कुपी उघडतं. त्यामुळे वेळ आधी घेऊन ठेवा, दारात जाऊन उभं राहून उपयोग नाही.

भारतात परत येताना हे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. अदिस अबाबाला फक्त विमान बदलणाऱ्यांना, विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नसेल आणि आरोग्य अधिकाऱ्याचं समाधान झालं तर सवलत आहे. दोन्ही बोर्डिंग पास सांभाळून ठेवा, तेच पुरावा. पण एअरलाइन उड्डाण रद्द करून हॉटेलात पाठवते तेव्हा ती सवलत गेली. टोचून घेतलेलं बरं.

कडूनिंब

पिवळ्या तापाची लस जिवंत विषाणूची आहे, ती सरसकट कुणालाही देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं, सहा महिन्यांखालचं बाळ, यांना नाही. साठी उलटलेल्यांना पहिल्यांदाच देत असतील तर गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो, म्हणून प्रवास खरंच लागतोय का हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही तसंच. लस देता येत नसेल तर डॉक्टर सूट-पत्र देतात, पण ते मानायचं की नाही हे पोचणार त्या देशाच्या हातात. दूतावासाला आधी विचारा.

गोवर-गालगुंड-रुबेलाची किंवा कांजिण्यांची लस राहिली असेल तर पिवळ्या तापाच्या लसीपासून चार आठवड्यांचं अंतर ठेवा. पोलिओच्या थेंबांना हे बंधन नाही, ते कधीही, कशाबरोबरही.

अंजुम_मालेगाव

हजला जाणाऱ्यांचं पण कुणी लिहा. इथे नेहमी पोलिओ आणि मेंदूज्वर यांची सरमिसळ होते.

शीतपेटी

@अंजुम, हजची मुख्य सक्ती मेंदूज्वराच्या चतुर्गुणी लसीची, म्हणजे ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांची. सौदीत पोचण्याआधी किमान दहा दिवस. साध्या प्रकारची असेल तर तीन वर्षं चालते, कॉन्जुगेट प्रकारची असेल तर पाच वर्षं. पण कार्डावर कॉन्जुगेट हा शब्द लिहिलेला असेल तरच पाच, नाहीतर तीनच धरतात. तो शब्द लिहून घ्या. हज कमिटीतर्फे जिल्ह्यांत जी शिबिरं लागतात, तिथे ही लस आणि पोलिओचे थेंब एकाच वेळी देतात. वयस्कांना फ्लूची लसही घ्यायला लावा.

उन्हाबद्दल: २०२४ च्या हजमध्ये १३०० च्या वर माणसं दगावली, तेव्हा तापमान ५० अंशांच्या आसपास गेलं होतं. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची मात्रा उष्णतेत कशी ठेवायची हे निघण्याआधी लिहून घ्या. छत्री पांढरी. उंटांपासून लांब राहा आणि त्यांचं कच्चं दूध पिऊ नका, मर्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू तिथून येतो.

कडूनिंब

आता मलेरिया. आफ्रिकेत आपल्या माणसाचा जीव सगळ्यात लवकर यानेच धोक्यात येतो. महाराष्ट्रात लहानपणापासून डास चावलेत म्हणून काही होत नाही हा समज साफ चुकीचा आहे. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपॅरम या घातक प्रकारचा, तो दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जातो, आणि क्लोरोक्विन त्याला दाद देत नाही.

प्रतिबंधक गोळ्या तीन. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल २५०/१०० रोज एक, निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू आणि परतल्यावर सात दिवस, दुधाबरोबर किंवा स्निग्ध जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, एक-दोन दिवस आधीपासून, पण परतल्यावर पूर्ण चार आठवडे. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. उन्हाने कातडी भाजते. आठ वर्षांखालच्यांना आणि गरोदर स्त्रियांना नाही. मेफ्लोक्विन २५० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधी सुरू आणि परतल्यावर चार आठवडे. फिट येणाऱ्यांना किंवा मानसिक आजार झालेल्यांना अजिबात नको. लोक घरी पोचले की गोळ्या सोडतात. यकृतात लपलेला परजीवी रक्तात उतरायला वेळ घेतो, शेवटच्या गोळ्या त्याच्यासाठीच असतात. वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी मात्र गोळ्या किती काळ चालवायच्या हे स्थानिक डॉक्टरांबरोबर ठरवावं.

संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पूर्ण बाह्या, औषध लावलेली मच्छरदाणी, २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम. सनस्क्रीन आधी, डीट त्यावर.

आणि हे डोक्यात पक्कं ठेवा. तिथे पोचल्यानंतर सातव्या दिवसापासून ते परतल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कुठलाही ताप म्हणजे मलेरिया, जोवर तपासणी नाही म्हणत नाही तोवर. डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी आफ्रिकेतून आलोय' हे सांगायचं. प्लेटलेट कमी दिसल्या की पावसाळ्यात इथे डेंग्यू धरून बसतात आणि मौल्यवान दिवस जातो. रक्ताची जाड आणि पातळ काचपट्टी करायला सांगा. पहिली निगेटिव्ह आली तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, अशा तीन. इथिओपिया-इरिट्रियातून आलेल्यांनी नुसत्या झटपट पट्टीवर विसंबू नये. तिथल्या काही परजीवींमध्ये ती पट्टी ज्या प्रथिनाला ओळखते ते प्रथिनच नसतं, त्यामुळे मलेरिया असून पट्टी निगेटिव्ह येते.

मुळाक्षर

जुलाबाचं काय? सगळे डॉक्टर अँटिबायोटिकची पाकिटं भरून देतात.

कडूनिंब

आधी ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या लिटरमध्ये नाही. घट्ट झालं की जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मुलांना जस्ताच्या गोळ्या १४ दिवस. शौचात रक्त किंवा तापाबरोबर जुलाब असतील तर दवाखाना. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे, अदिस अबाबासारख्या उंच गावात तीन मिनिटं. पोलिओ, विषमज्वर, कावीळ अ, सगळे याच वाटेने तोंडात जातात.

अंजुम_मालेगाव

औषधं नेताना? दुबईमार्गे जायचंय.

शीतपेटी

मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, औषधाचं रासायनिक नाव लिहिलेलं. नेहमीची औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलम यांसाठी अमिरातीत आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आणि खसखस. अमिरात, सौदी, कतारमध्ये ती अमली पदार्थांत मोडते. अनारसे, खसखस घातलेला मसाला, दिवाळीच्या फराळाचा डबा, यातलं काहीही बॅगेत टाकू नका. ओळखीच्याने दिलेली पुडी उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

निशिगंध

एका नातेवाइकाला वीस दिवसांनीच अबुजाला निघायचंय. चार आठवडे उरलेच नाहीत. मग डोस घेण्यात अर्थ आहे?

शीतपेटी

आहे, उद्याच घ्यायला सांगा. तातडीच्या प्रवासात निघण्याआधी एक डोस तरी झालेला असावा अशीच शिफारस आहे. आधी डोस झालेल्या शरीरात प्रतिकार आठवडाभरात वर येऊ लागतो. कार्डावर खरी तारीख लिहून घ्यायची. चार आठवडे दिसावेत म्हणून मागची तारीख घालून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. बॅच नंबर आणि तारीख जुळली नाही की ते बनावट प्रमाणपत्र ठरतं. कंपनीला लेखी कळवून प्रवास नऊ दिवस पुढे ढकलता आला तर सगळंच सुटतं. पिवळ्या तापाची लसही याच आठवड्यात.

दर्यासारंग

परत आल्यावर काही करायचं असतं का?

कडूनिंब

प्रौढाला लक्षणं नसतील तर काही नाही. हात साबणाने धुणं मात्र महिनाभर काटेकोर ठेवा, विशेषतः घरात तान्हं बाळ असेल आणि त्याचे डोस पूर्ण नसतील तर. त्या बाळाचा राहिलेला डोस आधी पूर्ण करा.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, मग कारण काही का वाटेना, सरकारी यंत्रणेला त्याच दिवशी कळवायचं. शौचाचे दोन नमुने २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, प्रत्येकी अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, बर्फात. महाराष्ट्रातले नमुने परळच्या हाफकिन आवारातल्या प्रयोगशाळेत जातात. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओ शोधण्याचं काम २००१ पासून तिथेच चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मेघालयातल्या वेस्ट गारो हिल्समध्ये दोन वर्षांच्या मुलात लशीपासून आलेला पोलिओ निघाला, तो याच पद्धतीने. इंजेक्शन किंवा सलाईनने पाय दुखत असेल म्हणून वाट पाहू नका.

मुळाक्षर

शेवटचं. कार्ड हरवलं तर?

शीतपेटी

ज्या केंद्रात टोचलं तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते. तारीख किंवा बॅच नंबर सांगता आला तर दुसरं कार्ड देतात, पासपोर्ट घेऊन जा. पोलिओची नोंद सापडली नाही तर सरळ नवा डोस घ्या, जास्तीच्या डोसने अपाय नाही. पिवळ्या तापाची नोंद सापडेपर्यंत मात्र घाईने पुन्हा टोचून घेऊ नका, विशेषतः साठीच्या पुढे. ओळ भरून झाली की केंद्राच्या दारातच त्या पानाचा फोटो काढा, बॅच नंबर वाचता येतोय ना हे बघा, आणि घरी एकाला पाठवून ठेवा.